शनिवार की रविवार? वारावरून मंडळ्या फोडू नका

आधीच सांगून टाकतो, मी रविवार पाळणारा माणूस आहे आणि हे सगळं लिहून झाल्यावरही रविवारच पाळणार आहे. पण शनिवार पाळणाऱ्या ख्रिस्ती माणसाबद्दल आपल्याकडे जे सर्रास बोललं जातं, की हे अर्धे यहूदी झालेत, यांचं काही खरं नाही, ते मला अजिबात पटत नाही. आणि उलट बाजूने रविवार हा सूर्यपूजेचा दिवस, रोमच्या बादशहाने आपल्यावर लादला, रविवारी चर्चला जाणारे सगळे फसलेले, असं जे छातीठोकपणे सांगितलं जातं तेही खोटं आहे. दोन्हीकडून दुखावली जातात ती आपलीच माणसं. शनिवारवाल्या घरातली मुलगी रविवारवाल्यांच्या घरात द्यायची की नाही यावरून ठरत आलेल्या सोयरिकी मोडलेल्या मी बघितल्यात, सख्खे भाऊ वारावरून एकमेकांच्या घरच्या प्रार्थनेला जायचे बंद झालेले बघितलेत. म्हणून लिहावंसं वाटलं.

माझं म्हणणं एवढंच आहे की मंडळीला, म्हणजे चर्चच्या लोकांना, एकत्र जमायला एक ठरलेला दिवस हवाच, तो रविवार असायला चांगलं आणि खूप जुनं कारण आहे, पण कुठलाही वार ही तारणाची, म्हणजे पापातून सुटकेची, अट नाही, आणि आपण ठरवलेल्या दिवशी ज्या माणसाला येताच येत नाही त्याची सोय करणं हे वार कुठला यावर भांडण्यापेक्षा कितीतरी मोठं काम आहे.

आता शनिवारवाल्यांची बाजू आधी नीट ऐकू, कारण ती बऱ्याच रविवारवाल्यांनी कधी ऐकलेलीच नसते. दहा आज्ञांमधली चौथी आज्ञा, निर्गम 20, त्यात विसाव्यासाठी सातवा दिवस, म्हणजे शनिवार, स्पष्ट लिहिलाय, आणि कारण दिलंय ते सृष्टीच्या निर्मितीचं, म्हणजे मोशेच्याही कितीतरी आधीचं. येशू आपल्या रिवाजाप्रमाणे शब्बाथ दिवशी, म्हणजे त्या विसाव्याच्या शनिवारी, सभास्थानात जात होता हे लूक 4 मध्ये आहे. त्याला कबरेत ठेवल्यावर सुगंधी द्रव्यं तयार करणाऱ्या बायका आज्ञेप्रमाणे शब्बाथ दिवशी स्वस्थ राहिल्या, हेही लूकच सांगतो. प्रेषित पौल अंत्युखियात, थेस्सलनीकात, करिंथात शब्बाथ दिवशी सभास्थानात जाऊन बोलतोय. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे शब्बाथ शनिवारवरून रविवारवर हलवला असं सांगणारं वचन पवित्र शास्त्रात कुठेही नाही. एकही नाही. हे आपल्या पाळकांनी, संडेस्कूलच्या शिक्षकांनी सरळ कबूल करायला हवं, कारण आपण ते झाकतो आणि मग पंचविशीतला एखादा मुलगा स्वतः शोधायला बसतो, त्याला ते वचन सापडत नाही, आणि त्याला वाटतं की मला लहानपणापासून सगळंच खोटं शिकवलं.

रविवारसाठी काय आहे मग? प्रभू आठवड्याच्या पहिल्या दिवशी, म्हणजे रविवारी, मरणातून उठला, हे चारही शुभवर्तमानांत आहे. त्याच दिवशी संध्याकाळी तो दारं लावून बसलेल्या शिष्यांमध्ये आला, आणि आठ दिवसांनी, थोमा असताना, परत आला. पौल करिंथकरांना सांगतो की आठवड्याच्या पहिल्या दिवशी प्रत्येकाने आपापली वर्गणी बाजूला काढून ठेवावी. आणि प्रेषितांची कृत्ये 20 मधला तो त्रोवसचा प्रसंग, पहिल्या दिवशी भाकर मोडायला लोक जमलेत, माडीवर पुष्कळ दिवे लागलेत, पौल मध्यरात्रीपर्यंत बोलतोय आणि युतुख नावाचा तरुण खिडकीत बसल्या बसल्या झोपेने तिसऱ्या मजल्यावरून खाली पडतो. यातल्या एकाही ठिकाणी "आता हाच तुमचा शब्बाथ" असं म्हटलेलं नाही. पण हा दिवस त्या लोकांसाठी वेगळा झाला होता एवढं त्यातून नक्की दिसतं.

मला स्वतःला या वादात सगळ्यात वजनदार वाटतं ते रोमकरांस पत्र 14. एकजण एखादा दिवस दुसऱ्यापेक्षा मोठा मानतो, दुसरा सगळे दिवस सारखे मानतो, प्रत्येकाने आपल्या मनाची पक्की खात्री करून घ्यावी, असं पौल म्हणतो आणि तिथेच थांबतो, निकाल देत नाही. त्याच्या जोडीला कलस्सैकरांस 2, खाण्यापिण्यावरून, सणावरून, अमावास्येवरून, शब्बाथावरून कोणी तुमचा न्याय करू नये. शनिवारवाले बंधू यावर म्हणतात की हा शब्बाथ म्हणजे सणांचे शब्बाथ, दर आठवड्याचा नाही. मी त्यावर बराच विचार केलाय आणि मला ते पटत नाही, कारण जुन्या करारात सण, अमावास्या, शब्बाथ हे तीन शब्द असे एकत्र येतात तेव्हा वर्षाचे, महिन्याचे आणि आठवड्याचे असा तो हिशेब असतो, यहेज्केलात बघा, होशेयात बघा. सणांचे शब्बाथ तर "सण" म्हटल्यावरच आले.

आणि अजून एक गोष्ट जिच्याकडे फारसं कुणाचं लक्ष जात नाही. सुरुवातीच्या मंडळ्यांमध्ये गुलाम भरपूर होते. परराष्ट्रीय, म्हणजे यहूदी नसलेल्या, मालकाच्या घरात राबणारा करिंथमधला किंवा इफिसमधला गुलाम शनिवारी मी काम करणार नाही असं म्हणूच शकत नव्हता. शनिवार पाळणं ही विश्वासात राहायची अट असती तर त्या गुलामांसमोर दर आठवड्याला जिवावरचा प्रश्न उभा राहिला असता आणि पौलाला, पेत्राला त्यावर काहीतरी लिहावंच लागलं असतं. मूर्तीला वाहिलेल्या मांसावर पानंच्या पानं आहेत, गुलामांना उद्देशून पण लिहिलंय, पण त्यांनी शनिवार कसा पाळावा यावर एक ओळ नाही. यरुशलेमच्या सभेत, प्रेषित 15, परराष्ट्रीय विश्वासणाऱ्यांना चार गोष्टी सांगितल्या, त्यातही शब्बाथ नाही.

आता रोमचा बादशहा कॉन्स्टंटाइनचं. हे तर इतकं पसरलंय की चांगले शिकलेले लोकसुद्धा सांगतात की रविवार कॉन्स्टंटाइनने आणला. 7 मार्च 321 ला त्याने फर्मान काढलं हे खरं आहे, न्यायाधीश, शहरातले लोक आणि कारागीर यांनी सूर्याच्या पूज्य दिवशी काम बंद ठेवावं असं त्यात होतं, आणि शेतकऱ्यांना त्यातून सूट होती कारण पेरणीची, लागवडीची वेळ टळली तर नुकसान. पण त्याच्या जवळजवळ पावणेदोनशे वर्षं आधी, साधारण 150 च्या पुढेमागे, जस्टिन मार्टर नावाचा माणूस रोममध्ये बसून बादशहाला उद्देशून लिहितोय की आम्ही ख्रिस्ती लोक रविवारी काय करतो. शहरातले, खेड्यातले सगळे एका जागी जमतात, प्रेषितांच्या आठवणी नाहीतर संदेष्ट्यांची लिखाणं वेळ असेल तितकी वाचतात, मग पुढारी बोलतो, मग सगळे उभं राहून प्रार्थना करतात, भाकर आणि द्राक्षारस वाटला जातो, आणि जे हजर नाहीत त्यांच्यासाठी डीकन, म्हणजे मंडळीचे सेवक, तो घेऊन जातात. दान जमा होतं ते अनाथ, विधवा, आजारी, तुरुंगातले आणि परगावचे यांच्यासाठी. म्हणजे बादशहाने सुट्टी दिली म्हणून लोक जमायला लागले नाहीत, ते आधीपासूनच जमत होते. त्याच्याही आधी, दुसऱ्या शतकाच्या अगदी सुरुवातीला, अंत्युखियाचा इग्नेशियस शब्बाथाऐवजी प्रभूच्या दिवसाप्रमाणे जगण्याबद्दल लिहितो.

पण रविवारवाल्यांनी लगेच खूश व्हायचं कारण नाही, कारण शनिवारही काही एका झटक्यात संपला नाही. चौथ्या शतकात लावदिकीयाच्या परिषदेने ठराव केला की ख्रिस्ती लोकांनी शनिवारी काम बंद ठेवून यहूद्यांसारखं वागू नये. ठराव करावा लागला याचाच अर्थ लोक तसं करत होते. पाचव्या शतकातला इतिहासकार सॉक्रेटिस (तत्त्वज्ञानी सॉक्रेटिस वेगळा, हा कॉन्स्टँटिनोपलचा) लिहून ठेवतो की जवळजवळ सगळीकडच्या मंडळ्या शनिवारी प्रभुभोजन, म्हणजे भाकर-द्राक्षारसाचा तोच विधी, करतात, फक्त रोम आणि आलेक्सांद्रियात करत नाहीत. आणि इथिओपियात तर दोन्ही दिवस टिकले. तिथे एवोस्तातेवोस नावाच्या साधूच्या अनुयायांनी शनिवारसाठी शंभरएक वर्षं छळ सोसला, आणि शेवटी 1450 मध्ये झारा याकोब राजाने देब्रे मित्माकच्या परिषदेत शनिवार आणि रविवार दोन्ही पाळायचं ठरवून भांडण मिटवलं. इथिओपियन ऑर्थोडॉक्स चर्च आजही दोन्ही दिवस मानतं. त्यांना आपण काय म्हणणार, अर्धे यहूदी?

या सगळ्या इतिहासात मला जी गोष्ट सगळ्यात मोलाची वाटते ती ही, की पहिली तीनशे वर्षं रविवार हा कामाचा दिवस होता. सुट्टी नव्हतीच. रोमन अधिकारी प्लिनी साधारण 112 मध्ये बिथिनियातून सम्राट ट्राजानला कळवतो की हे ख्रिस्ती लोक एका ठरलेल्या दिवशी उजाडायच्या आत जमतात, ख्रिस्ताला देव मानून त्याची स्तुती गातात, मग पांगतात आणि परत जेवायला एकत्र येतात. उजाडायच्या आत का, तर दिवसभर काम होतं. त्रोवसला रात्री दिवे लावून का जमले, माझ्या मते त्याचंही कारण हेच असणार. युतुखला झोप का लागली याचा विचार करा, तो दिवसभर राबून आलेला असणार असंच मला वाटतं.

म्हणजे विसावा आणि उपासना या मुळात दोन वेगळ्या गोष्टी आहेत. चौथी आज्ञा प्रामुख्याने विसाव्याची आहे, काम थांबवा. पहिल्या मंडळीचा रविवार हा प्रामुख्याने जमण्याचा आहे, प्रभू उठला म्हणून एकत्र या. पुढे कायद्याने सुट्टी रविवारी आली आणि दोन्ही गोष्टी एका दिवसात मिसळल्या, मग सोळाव्या-सतराव्या शतकात इंग्लंडमधल्या प्युरिटन नावाच्या कडक प्रोटेस्टंट लोकांनी रविवार हाच ख्रिस्ती शब्बाथ अशी शिकवण पक्की केली, 1640 च्या दशकातल्या वेस्टमिन्स्टरच्या विश्वासपत्रात ती सरळ लिहिलेली आहे. ल्यूथरवाल्यांचं 1530 चं ऑग्सबर्गचं पत्रक मात्र वेगळं बोलतं, त्यांच्या मते दिवस ठरवावा लागतो कारण लोकांना कधी जमायचं ते कळायला हवं, पण रविवार पाळणं तारणासाठी गरजेचं आहे असं समजणारे चुकतात. मी या दुसऱ्या मताचा आहे.

आपल्याकडे मराठी प्रोटेस्टंट घरांमध्ये रविवार इतका कडक का, याचं उत्तर इथे सापडतं. अमेरिकन मराठी मिशनची माणसं 1813 मध्ये मुंबईत उतरली, 1831 मध्ये नगरला गेली, आणि ती आली होती न्यू इंग्लंडमधून, प्युरिटन परंपरेतून. त्यांनी शुभवर्तमान आणलं, शाळा आणल्या, आणि त्याच्याबरोबर तो शब्बाथासारखा रविवारही आणला. आमच्या जुन्या माणसांमध्ये रविवारी बाजार नाही, प्रवास नाही, शिवणकामसुद्धा नाही असे नियम होते. ते मनापासून पाळायचे आणि मला त्यांच्याबद्दल आदरच आहे. पण ही एका देशातल्या एका परंपरेची पद्धत होती. ती थेट प्रेषितांकडून आली असं समजून शनिवारवाल्यांवर दगड मारणं बरोबर नाही.

खरं तर मराठी मुलखाला शनिवारचा शब्बाथ रविवारच्या कितीतरी आधीपासून माहीत होता. कोकणात, अलिबाग, पेण, रेवदंड्याच्या पट्ट्यात बेने इस्राएल लोक तेलाचे घाणे चालवायचे आणि शनिवारी घाणा बंद ठेवायचे, म्हणून गावकरी त्यांना शनवार तेली म्हणायचे. पिढ्यानपिढ्या ना रब्बी, ना धर्मग्रंथाची पोथी, बोली मराठी, नेसणं मराठी, आणि तरी आठवड्यातला तो एक दिवस त्यांनी सोडला नाही, आणि आजूबाजूच्या हिंदू-मुसलमान गावकऱ्यांनी त्यांना त्याबद्दल त्रास दिला नाही, नाव दिलं. आणि आपण एकाच ख्रिस्ताला मानणारे, एकच पवित्र शास्त्र वाचणारे, आपल्याला एकमेकांचा वार सहन होत नाही याची मला खरंच लाज वाटते.

आणि रविवारच्या सुट्टीचं म्हणाल तर मुंबईच्या गिरण्यांमध्ये ती मिशनऱ्यांनी मिळवून दिली नाही. ती मिळवली नारायण मेघाजी लोखंडे यांनी, महात्मा फुल्यांचे सहकारी, सत्यशोधक. 1884 मध्ये साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचं निवेदन, त्यात पहिली मागणी आठवड्याला एक पूर्ण दिवस सुट्टी, रविवारी. रविवार खंडोबाचा वार म्हणूनही तो कामगारांना जवळचा होता. सहा वर्षं लढून 10 जून 1890 ला गिरणीमालकांनी ती मान्य केली. त्या गिरण्यांमध्ये जे कोणी ख्रिस्ती कामगार असतील त्यांना रविवारी सकाळी चर्चला जाता आलं ते लोखंड्यांमुळे. मला हे सारखं आठवतं, कारण अनुवाद 5 मध्ये चौथी आज्ञा परत सांगितलीये तिथे कारण वेगळं दिलंय. तिथे सृष्टीची निर्मिती नाहीये. तिथे म्हटलंय की तुझ्या दासाला आणि दासीलाही तुझ्यासारखाच विसावा मिळू दे, तूही मिसरात दास होतास हे आठव. शब्बाथाचा हा गाभा एका सत्यशोधकाने जगून दाखवला आणि आपण वार कुठला यावर वाद घालत बसलो.

वाराचा हिशेब किती नाजूक असतो त्याचं एक उदाहरण देतो. पॅसिफिक महासागरात सामोआ देश आहे, त्यांनी व्यापाराच्या सोयीसाठी तारीखरेषेची बाजू बदलली. 29 डिसेंबर 2011 चा गुरुवार संपला आणि थेट 31 डिसेंबर, शनिवार उजाडला, शुक्रवार गायबच. आता तिथल्या, शनिवार पाळणाऱ्या, सेव्हन्थ डे अ‍ॅडव्हेंटिस्ट लोकांसमोर प्रश्न आला, सातवा दिवस कुठला? सरकारच्या कॅलेंडरवरचा शनिवार, की जुन्या मोजणीप्रमाणे जो शनिवार आला असता तो, ज्याला आता सगळे रविवार म्हणतात? तिथल्या चर्चने जुनी मोजणी धरली आणि ते रविवारी जमायला लागले, काहींना ते पटलं नाही आणि ते वेगळे झाले. शेजारच्या टोंगामध्ये तर अ‍ॅडव्हेंटिस्ट कितीतरी आधीपासून रविवारीच उपासना करतात, याच तारीखरेषेच्या कारणाने. मी हे त्यांची चेष्टा करायला सांगत नाहीये, त्यांनी प्रामाणिकपणे विचार करून निर्णय घेतला. पण पृथ्वी गोल आहे आणि रेषा माणसांनी आखलीये, तर त्या चोवीस तासांवर कुणाचं तारण अवलंबून असेल असं प्रेमळ देवाबद्दल मला मानता येत नाही.

आणि नेपाळ बघा. तिथे वर्षानुवर्षं आठवड्याची सुट्टी शनिवारी, रविवारी ऑफिसं चालू, शाळा चालू असायच्या. म्हणून तिथल्या बहुतेक सगळ्या मंडळ्या, ज्यांचा अ‍ॅडव्हेंटिस्ट शिकवणीशी काही संबंध नाही अशासुद्धा, शनिवारी जमतात. आखातात कुवेत, कतारला गेलेली आपली वसईची, गोव्याची, मुंबईची माणसं वर्षानुवर्षं शुक्रवारी मिस्साला, म्हणजे कॅथलिक उपासनेला, जातात कारण सुट्टी शुक्रवारी. दुबईत 1 जानेवारी 2022 पासून शनिवार-रविवार सुट्टी झाली, तोपर्यंत तिथेही मोठी गर्दी शुक्रवारचीच. आपल्याकडे कॅथलिकांमध्ये शनिवारी संध्याकाळचा मिस्सा रविवारचा म्हणून धरला जातो, कॅनन कायद्यातच तशी सोय आहे. या माणसांपैकी कोणाचा विश्वास कमी झाला?

आता आपल्या पिंपरी-चिंचवड, भोसरीकडे या. एमआयडीसीत आठवड्याची सुट्टी गुरुवारी. तिथे शिफ्टला जाणारा ख्रिस्ती कामगार रविवारी सकाळी सातला मशीनवर उभा असतो. हॉस्पिटलमधल्या आपल्या नर्सताया, आणि आपल्या समाजात किती नर्सेस आहेत ते तुम्हाला माहितीच आहे, त्यांची ड्युटी रोटेशनने लागते, महिनाच्या महिना रविवार मिळत नाही. वॉचमन, पोलीस, हॉटेलात काम करणारी मुलं, मॉलमधल्या मुली, ज्यांना नेमकी शनिवार-रविवार सुट्टी घेताच येत नाही. ही माणसं हळूहळू मंडळीतून गळतात. आधी महिन्यातून एकदा येतात, मग नाताळ आणि ईस्टरला, मग तेही नाही, आणि मंडळीच्या मीटिंगमध्ये कुणीतरी म्हणतं की अमक्याचा विश्वास थंड झालाय. विश्वास थंड झालेला नसतो हो, त्याची सुट्टी गुरुवारी असते.

जस्टिनच्या काळात, छळ चालू असताना, जे येऊ शकले नाहीत त्यांच्यासाठी मंडळी भाकर घेऊन जात होती. आपल्याकडे गाड्या आहेत, फोन आहेत, गुरुवारी संध्याकाळी आठवड्यातून एक तास चर्चचं दार उघडायला काय हरकत आहे? गाणी दोन म्हणा, वचन वाचा, महिन्यातून एकदा प्रभुभोजन द्या, आणि ती "प्रार्थनासभा" म्हणून दुय्यम समजू नका, आलेल्या माणसांसाठी तीच उपासना. माहीमच्या चर्चमध्ये बुधवारच्या नोव्हेनाच्या प्रार्थनेला सगळ्या धर्मांची केवढी गर्दी लोटते, बुधवार असून. कामाच्या दिवशी लोक येतच नाहीत ही सबब मला मान्य नाही.

शनिवारवाल्यांकडून आपण शिकावं असंही पुष्कळ आहे. पुण्यात औंध रोडला त्यांचं स्पायसर कॉलेज (आता विद्यापीठ), 1942 पासून तिथे आहे, त्यामुळे पुणेकरांना हे लोक परके नाहीत. आमच्या ओळखीतल्या एका अ‍ॅडव्हेंटिस्ट घरात शुक्रवारी संध्याकाळी मी बसलेलो आहे. दुपारपासून धावपळ, दुसऱ्या दिवशीची भाजी आणि भात आधीच शिजवून ठेवलेला, मुलांचे कपडे इस्त्री करून खुंटीला, बूट पुसून दाराशी, केर काढून झालेला, आणि सूर्य मावळायच्या आत आजोबांनी टीव्ही बंद केला, फोन कपाटावर ठेवले, आणि घरातली सात-आठ माणसं चटईवर बसून गायला लागली. दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत कुणी कुणावर कामासाठी ओरडलं नाही. आमच्याकडे रविवारी काय होतं? नऊला उपासना, अकराला सुटलो की घड्याळ बघत मटणाच्या दुकानाची रांग, पाहुणे, बायका दुपारभर स्वयंपाकघरात, आणि कामवाली मावशी रविवारी जास्तीची भांडी घासते कारण पाहुणे आलेत. तिला सुट्टी कधी? अनुवाद 5 मधली दासी म्हणजे तीच की. रविवारला शब्बाथ म्हणायचं आणि तिला राबवायचं हे चालणार नाही. घरी येणाऱ्या मावशींना आठवड्यातून एक पगारी सुट्टी, हा नियम प्रत्येक ख्रिस्ती घराने करावा, वार त्यांना हवा तो.

शनिवारवाल्या बंधूंनाही प्रेमाने सांगायचंय. श्वापदाच्या खुणेची, म्हणजे प्रकटीकरणात देवाविरुद्ध गेलेल्यांवर येणाऱ्या त्या खुणेची, भीती घालणं बंद करा. आज रविवारी चर्चला जाणाऱ्या माणसावर ती खूण आहे असं तुमच्या चर्चची अधिकृत शिकवणही म्हणत नाही, पुढे कधी कायद्याने सक्ती झाली तर, असं ती म्हणते, पण गावोगाव प्रचार करणारे हा फरक गाळून टाकतात आणि साधी म्हातारी माणसं रात्रभर झोपत नाहीत की मी आयुष्यभर रविवारी देवळात गेले, आता माझं काय होणार. शब्बाथ मनुष्यासाठी झाला असं प्रभू म्हणाला, मनुष्याला घाबरवण्यासाठी तो झालेला नाही.

शेवटी परीक्षांचा विषय, कारण तो अगदी हातात घेण्यासारखा आहे. एरिक लिडल 1924 च्या पॅरिस ऑलिंपिकला शंभर मीटरची शर्यत धावला नाही कारण तिची पहिली फेरी रविवारी होती, मग चारशे मीटर धावला आणि सुवर्णपदक जिंकला. ही गोष्ट आपण संडेस्कूलमध्ये मुलांना अभिमानाने सांगतो. आणि बोर्डाचा पेपर शनिवारी आला म्हणून एखादी अ‍ॅडव्हेंटिस्ट मुलगी तो सोडते, वर्ष वाया घालवते, तेव्हा आपण तिला हट्टी म्हणतो. दोघांनी एकच गोष्ट केलीये. एमपीएससी, यूपीएससी, नीट या परीक्षा बहुतेकदा रविवारी असतात, आपली मुलं देतात, ज्याला ते योग्य वाटतं त्याने जरूर द्यावी, पण ज्या मुलीचं मन शनिवारी पेपर लिहायला धजत नाही तिच्यासाठी दुसऱ्या दिवशीच्या पेपरची मागणी करणारा अर्ज जेव्हा बोर्डाकडे किंवा विद्यापीठाकडे जातो तेव्हा त्यावर फक्त तिच्या पाळकाची सही असते आणि तो अर्ज एका छोट्या गटाचा म्हणून बाजूला पडतो. त्या अर्जावर रविवारवाल्या मंडळ्यांच्या पाळकांनी, सिनॉडने, धर्मप्रांतानेही सह्या कराव्यात. पुढच्या मंडळीच्या सभेत मी हा ठराव मांडणार आहे, आणि तुमच्याकडेही कुणीतरी मांडावा.